राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी टाकलंय आणि वाय-फाय रांगतंय? दुखणं नेमकं कुठे आहे ते असं शोधा

प्लॅन १०० एमबीपीएसचा, रिचार्ज वेळेवर केलेलं, राउटरचे सगळे दिवे हिरवे. तरी मोबाइलवर रील तिसऱ्या सेकंदाला अडकते आणि ते गोल चक्र फिरत राहतं.

अशा वेळी आपण आधी कंपनीला शिव्या घालतो, मग राउटर बंद करून चालू करतो आणि शेवटी हेल्पलाइनला फोन लावतो. पण राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून कुणी ओपनडब्ल्यूआरटी किंवा डीडी-डब्ल्यूआरटी टाकलेलं असेल, तर पलीकडून साधारण एकच उत्तर येतं: फर्मवेअर बदललंय ना, मग आमच्या हातात काही नाही. आणि ज्या भाच्याने हौसेने ते टाकून दिलेलं असतं, तो तोवर नोकरीसाठी वापीला नाहीतर मुंबईला गेलेला असतो.

पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाडसारख्या गावात ही अडचण जास्त टोचते. वारली चित्रकला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच गंजाडच्या कलंबीपाड्यावर राहायचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या पट्ट्यात चित्रं काढून विकणाऱ्या घरासाठी नेट म्हणजे नुसती करमणूक नसते. चित्राचा स्वच्छ, मोठा फोटो गिऱ्हाईकाला वेळेत गेला नाही तर ऑर्डर दुसरीकडे जाऊ शकते. त्याच घरात कुणी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत असेल, तर शेवटच्या तारखेला राउटरचा हा खेळ परवडत नाही.

चांगली गोष्ट ही की यातली बरीच दुखणी घरबसल्या सापडतात. नवा राउटर घ्यायच्या आधी एक तास काढा.

कस्टम फर्मवेअर म्हणजे नक्की काय?

राउटर हा एक छोटा कॉम्प्युटरच असतो आणि त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात. २००२ च्या शेवटी लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर बाजारात आणला. त्याच्या पोटात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना असा की तुम्ही ते वापरून वस्तू विकलीत, तर तुम्ही बदललेला कोडही लोकांना द्यायचा. २००३ मध्ये कंपनीला तो खुला करावा लागला आणि २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं 'डब्ल्यूआरटी' त्या जुन्या मॉडेलवरूनच आलंय.

लोक हे टाकतात कारण कंपन्या जुन्या राउटरला अपडेट देणं बंद करतात. ओपनडब्ल्यूआरटी टाकलं की तोच डबा पुढची काही वर्षं सुरक्षित राहतो आणि त्यात कंपनीने न दिलेल्या सोयीही मिळतात.

पण एक फरक कुणी सांगत नाही. कंपनीचा राउटर भारतात विकायला येतो तेव्हा देश, चॅनेल, रुंदी हे सगळं आधीच भरलेलं असतं. ओपनडब्ल्यूआरटी मात्र सावध असतं. बहुतेक राउटरवर ते टाकल्यानंतर वाय-फाय चक्क बंद असतं, आणि चालू केलं तरी बऱ्याच गोष्टी तुम्ही सांगेपर्यंत कमीत कमीवर ठेवलेल्या असतात. त्यामुळे 'ओपनडब्ल्यूआरटी टाकलं आणि स्पीड पडला' या तक्रारीमागे अनेकदा बिघाड नसतोच, एखादी सेटिंग भरायची राहिलेली असते.

आधी ठरवा, अडकतंय कुठे

नेट तुमच्या मोबाइलपर्यंत एका उडीत येत नाही. हे समजायला पालघर जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. आयआयटी मुंबईतल्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने 'ग्राम मार्ग' नावाचा प्रकल्प इथे राबवला. खामलोली आणि आसपासच्या गावांत त्यांनी टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेऊन पाहिलं आणि पुढे जिल्ह्यातल्या २५ गावांत ५.८ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यातून जोडणी दिली. २०१७ मध्ये मोझिलाच्या 'इक्वल रेटिंग' स्पर्धेत हा प्रकल्प पहिला आला. त्यांनी प्रश्न टप्प्यांत तोडला होता: फायबर एका ठिकाणापर्यंत, तिथून पाड्यांपर्यंत बिनतारी दुवा, आणि पाड्यावर साधं वाय-फाय. टप्पा वेगळा, तर उपायही वेगळा.

तुमच्या घरातही असेच तीन टप्पे आहेत. बाहेरून येणारी लाइन, मधला राउटर आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतची हवा. कुठला टप्पा आजारी आहे ते न बघता सेटिंग बदलत बसलात तर रात्र जाईल.

तपासायला एक लॅन केबल आणि लॅपटॉप हवा. लॅपटॉप नसेल तर मोबाइलला लागणारा टाइप-सी लॅन अडॅप्टर मिळतो, बहुतेक अँड्रॉइड फोनवर तो चालतो. आधी केबल थेट फायबरच्या डब्याला, म्हणजे ज्याला ओएनटी म्हणतात त्याला लावा आणि स्पीड टेस्ट करा. (लाइन लॉगिन-पासवर्डवर चालत असेल आणि ते तुमच्या राउटरमध्ये भरलेलं असेल, तर ही पायरी तशी जमणार नाही, आधी ते लॉगिन लॅपटॉपमध्ये भरावं लागेल.) मग केबल तुमच्या राउटरच्या लॅन पोर्टला लावून टेस्ट करा. शेवटी केबल काढा, राउटरपासून दोन-तीन पावलांवर उभे राहून ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टेस्ट करा.

थेट डब्यावरच स्पीड कमी आला तर राउटर निर्दोष आहे, लाइनवाल्याला बोलवा. आता तो फर्मवेअरचं कारणही देऊ शकणार नाही, कारण मध्ये तुमचा राउटरच नाही. डब्यावर पूर्ण आणि राउटरच्या पोर्टवर कमी, तर दुखणं राउटरच्या पोटात. केबलवर पूर्ण आणि वाय-फायवर कमी, तर हवेत.

एक खुलासा इथेच करून टाकू, कारण यावरून घराघरांत भांडणं होतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. डाउनलोड करताना ॲप दाखवतं ते मेगाबाइट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटने उतरणार. तिथे '११' दिसलं तर तुमचं नेट उत्तम चाललंय.

काहीही बदलायच्या आधी

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की ओपनडब्ल्यूआरटीचं पान उघडतं, त्याला लुसी म्हणतात. भाच्याने पत्ता बदलला असेल तर मोबाइलच्या वाय-फाय तपशिलात 'गेटवे' म्हणून जो आकडा दिसतो तो टाका. आत गेलात की 'सिस्टीम' मेनूमधल्या बॅकअपच्या पानावरून सगळ्या सेटिंगची फाइल उतरवून घ्या. पाच सेकंदांचं काम आहे. पुढे काही बिघडलं तर हीच फाइल परत चढवायची.

तिथेच सुरुवातीच्या पानावर 'अपटाइम' बघा, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे. दिवसभर लाइट असूनही अपटाइम वीस मिनिटांचाच दिसत असेल, तर राउटर आपोआप बंद-चालू होतोय. अशा वेळी पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्या. व्होल्टेज खालीवर होणाऱ्या भागात अडॅप्टर हळूहळू कमजोर होतो. कधी मूळचा जळतो आणि घरात सापडला तो सेट-टॉप बॉक्सचा लावला जातो. पिन बसते म्हणून चालतोय असं वाटतं, पण ताण आला की राउटर मान टाकतो. राउटरच्या खालच्या स्टिकरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. शंभर सेटिंग बदलण्यापेक्षा हा अडॅप्टर बदलणं स्वस्त.

केबलवरच स्लो असेल तर

स्पीड बरोबर ९०-९५ वर अडकतोय आणि प्लॅन २०० चा आहे? मग पोर्ट बघा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एनसारख्या स्वस्त राउटरची पोर्टच १०० एमबीपीएसची असतात. त्यात कुठलंही फर्मवेअर टाका, त्यापुढे जाणार नाही. पोर्ट गिगाबिटचं असूनही ९० वर अडकलं तर केबल तपासा. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात. उंदराने एक कुरतडली किंवा क्लिप नीट दाबली गेली नाही, तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि नेट चालू राहतं, म्हणून कुणाला कळतही नाही.

दुसरं कारण प्रोसेसर. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये पॅकेट पुढे ढकलायला चिपमधला खास शॉर्टकट वापरलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये तो अनेकदा बंद असतो आणि सगळं ओझं छोट्याशा प्रोसेसरवर येतं. 'नेटवर्क'मधल्या 'फायरवॉल'च्या पानावर ऑफलोडिंगचा पर्याय असतो. सॉफ्टवेअर ऑफलोडिंग चालू करून टेस्ट करा. मीडियाटेकच्या काही चिपवर हार्डवेअर ऑफलोडिंगही चालतं, आणि ते चालतं तिथे फरक डोळ्यांना दिसतो. राउटरवर व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारी मोठी यादी चालू असेल तर ती थोडा वेळ बंद करून बघा. जुन्या डब्याला ते ओझं झेपत नाही.

तिसरं कारण मजेशीर आहे. ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम नावाची सोय असते (तिच्याबद्दल पुढे सविस्तर). तिच्यात लाइनचा स्पीड हाताने भरावा लागतो. भाच्याने ४० च्या प्लॅनच्या काळात ३६ भरून ठेवले. नंतर प्लॅन १०० चा झाला. राउटर अजून इमानदारीने ३६ वरच थांबवतोय. प्लॅन वाढवूनही आकडा तसूभर हलत नसेल तर सगळ्यात आधी इथे बघा.

हवेतलं दुखणं

'नेटवर्क'मध्ये 'वायरलेस' उघडा. इथे चार गोष्टी बघायच्या आहेत आणि यातली एक चुकली तरी स्पीड धाडकन पडतो.

पहिली, मोड. तिथे 'लेगसी' निवडलेलं असेल तर तुमचा राउटर वीस वर्षं मागे गेलाय. त्या मोडची कमाल मर्यादा ५४ एमबीपीएस, हातात त्याच्या निम्मंही येत नाही. 'एन', 'एसी' किंवा 'एएक्स' यातला जो सगळ्यात नवा दिसेल तो घ्या. दुसरी, डब्ल्यूएमएम. हा पर्याय चालूच हवा. यूट्यूबवरच्या जुन्या 'टिप्स' ऐकून काही जण तो बंद करतात आणि पुन्हा त्याच ५४ च्या खड्ड्यात पडतात, कारण वाय-फायच्या नव्या वेगांसाठी तो सक्तीचा आहे. तिसरी, सुरक्षा. सांकेतिक पद्धतीत टीकेआयपी दिसलं तर तेच होणार, म्हणून डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. डब्ल्यूपीए३ चांगलं आहे, पण घरात जुने फोन असतील तर ते जोडले जाताना कुरकुर करतात.

चौथी गोष्ट देश. देश निवडलेला नसेल तर राउटर सगळ्या जगात चालतील असे सर्वांत कडक नियम पाळतो, म्हणजे चॅनेल कमी आणि ताकदही कमी. 'भारत' निवडा. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये खुला झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणजे आता जागा भरपूर आहे.

'अमेरिका निवडा, ताकद वाढते' असा सल्ला नेटवर फिरत असतो. तो नियमाविरुद्ध तर आहेच, पण बिनकामाचाही आहे. वाय-फाय हे दोघांचं बोलणं आहे. राउटर ओरडून बोलला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहणार. मग कांड्या पूर्ण दिसतात आणि मेसेज मात्र जात नाही.

चॅनेलची रुंदी २.४ वर २० ठेवा आणि ५ वर ८०. चॅनेलसाठी २.४ वर १, ६ किंवा ११ यातला एक निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ५ वर सुरुवात ३६ किंवा १४९ पासून करा. आणि हो, फायबरचा डबा स्वतःचं वेगळं वाय-फाय सोडत असेल तर ते बंद करून टाका. दोन डबे शेजारी ठेवून एकाच चॅनेलवर भांडत बसलेत, हे चित्र फार घरांत दिसतं.

आता अपेक्षा किती ठेवायची? २.४ गिगाहर्ट्झवर, २० च्या रुंदीत, एकाच अँटेनाच्या साध्या फोनला जोडणीचा वेग ७२ एमबीपीएस मिळतो आणि हातात साधारण ४० ते ५० येतात. हा बिघाड नाही, तेवढीच त्याची धाव आहे. ५ गिगाहर्ट्झवर ८० च्या रुंदीत दोन अँटेनाचा फोन जवळून ८६६ ची जोडणी करतो. तेव्हा १०० चा प्लॅन पूर्ण हवा असेल तर ५ वर या.

पत्रा, कूड आणि पावसाळा

५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. २.४ लांब जातं. टीव्हीच्या लहरी त्याहून खालच्या, म्हणून झाडीतून आणखी लांब जातात. 'ग्राम मार्ग'वाल्यांना त्यांचं आकर्षण होतं ते यासाठीच.

घर कशाचं आहे यावर बरंच अवलंबून असतं. कारवीच्या कुडाची शेणामातीने लिंपलेली पातळ भिंत कोरडी असताना लहरींना फारशी अडवत नाही. घरकुलाची विटा-सिमेंटची भिंत जास्त अडवते, आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहून जास्त. पण सगळ्यात हट्टी तो पत्रा. पत्रा लहरी सरळ परत फेकतो. राउटर पत्र्याच्या पडवीत आणि मोबाइल आतल्या खोलीत, मध्ये पत्र्याचं पार्टिशन, तर तिथे कुठलंही फर्मवेअर काही करू शकत नाही. राउटर उचलून मधल्या खोलीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाटावर नको आणि फ्रीजच्या मागे तर नकोच. पाणी लहरी शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात ओल्या भिंती आणि गच्च झाडोरा यांतून जाणारा सिग्नल उन्हाळ्यापेक्षा कमी मिळतो. अंगणापलीकडच्या घराला नेट देत असाल तर हा फरक जाणवतो.

अंदाजाने बोलण्यापेक्षा आकडा बघा. लुसीच्या सुरुवातीच्या पानावर खाली जोडलेल्या फोनची यादी असते, त्यात प्रत्येकाचा सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ आरामात चालतो, उणे ७५ च्या पुढे रडारड सुरू. उणे ५० असूनही स्लो असेल तर मगच सेटिंगकडे वळा.

दूरच्या खोलीसाठी रिपीटर लावला असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि तेच परत बोलायचं, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो. शक्य असेल तर केबल ओढून दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. तीस-चाळीस मीटर केबलचा खर्च महागड्या मेश सेटपेक्षा खूपच कमी आहे.

स्पीड टेस्ट झकास, तरी सगळं अडकतंय?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि कस्टम फर्मवेअरचा खरा फायदा इथेच आहे.

समजा, एका घरातून चित्रांचे ५० फोटो पाठवायचेत, प्रत्येकी ६ मेगाबाइटचे. म्हणजे ३०० मेगाबाइट, बिटांत २,४००. अपलोड १० एमबीपीएसचा असेल तर याला चार मिनिटं लागणार. त्या चार मिनिटांत घरातल्या दुसऱ्या कुणाचाही व्हिडिओ कॉल तुटतो, व्हॉट्सॲपचा मेसेज घड्याळाच्या चिन्हावर अडकतो आणि फॉर्मचं पान उघडत नाही. डाउनलोड तर रिकामाच आहे, मग हे का?

कारण रांग. राउटरमध्ये आणि ओएनटीमध्ये पॅकेट थांबवून ठेवायला जागा असते, तिला बफर म्हणतात. मोठी फाइल निघाली की ती हा बफर तुडुंब भरते. मग तुमचा छोटासा मेसेज त्या रांगेच्या शेपटाला उभा राहतो. रेशनच्या दुकानात एकजण पन्नास कार्डं घेऊन पुढे उभा आहे आणि तुम्हाला फक्त एक सही विचारायचीय, तसं. दुकान बंद नाही, काम जोरात चाललंय, पण तुमचा नंबर लागत नाही.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या इंजिनिअरने २०१० च्या सुमारास आपल्याच घरच्या नेटवर हे पाहिलं आणि त्यावर लिहायला सुरुवात केली. डेव्ह टाट आणि इतरांनी त्यावर उपाय तयार केले. एकच लांब रांग लावण्याऐवजी प्रत्येकाची वेगळी छोटी रांग करायची आणि आळीपाळीने सगळ्यांना पुढे घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. एफक्यू-कोडेल हे त्या पद्धतीचं नाव. त्याचंच पुढचं रूप 'केक'. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये हे दोन्ही मिळतात. कंपनीच्या स्वस्त राउटरमध्ये असं काही सहसा नसतं.

तपासायचं कसं? एका फोनवरून मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि लॅपटॉपवर पिंग चालू ठेवा. एरवी २०-३० मिलिसेकंद येणारं पिंग चारशे-पाचशेवर गेलं, तर हेच दुखणं. वेव्हफॉर्मची बफरब्लोट टेस्ट ब्राउझरमध्येही हे करून देते आणि शाळेसारखा शेरा देते.

उपाय: 'सॉफ्टवेअर'च्या पानावरून लुसीचं एसक्यूएम पॅकेज टाका. बाहेरच्या लाइनचा इंटरफेस निवडा. पद्धत 'केक' घ्या आणि केबलवर मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के भरा, डाउनलोडला वेगळा आणि अपलोडला वेगळा. आकडा किलोबिटमध्ये असतो, म्हणजे ९० एमबीपीएससाठी ९००००. इथे एक शून्य कमी पडलं तर काय होईल ते सांगायला नको. लाइनपेक्षा थोडा कमी आकडा मुद्दाम भरायचा असतो, कारण रांग ओएनटीत नाही तर तुमच्या राउटरमध्ये लागायला हवी, तरच राउटर तिला शिस्त लावू शकतो. दहा टक्के स्पीड सोडून घरातल्या सगळ्यांचे कॉल चालू राहत असतील, तर माझ्या मते हा सौदा डोळे झाकून करावा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर पॅकेट शॉर्टकटने निघून जातात आणि एसक्यूएमला काही करताच येत नाही, म्हणून दोघांतलं एकच ठेवा. आणि घरचं नेट फायबरचं नसून सिमवरच्या ४जी-५जीचं असेल, तर लाइनचा स्पीड दर तासाला बदलतो आणि एकच आकडा भरून भागत नाही. त्यासाठी केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे, ती चालता चालता आकडा वर-खाली करते. लावायला थोडी किचकट आहे, त्यामुळे हे काम भाचा दिवाळीत घरी येईल तेव्हा त्याच्याकडूनच करून घ्या.

बफरब्लोटचाच एक भाऊ हवेतही असतो. लांबच्या खोलीतला जुना फोन हळू बोलतो, आणि तो बोलतोय तोवर बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. एका कमजोर फोनमुळे सगळ्या घराचा स्पीड पडतो तो असा. लिनक्समधल्या काही वाय-फाय ड्रायव्हरमध्ये २०१७ च्या सुमारास हवेतला वेळ सगळ्यांना सारखा वाटून देणारी सुधारणा आली, आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्यांत ती आहे. त्यामुळे राउटरवर जुनाट आवृत्ती पडून असेल तर अपडेट हाच उपाय ठरू शकतो.

कधी हार मानायची?

ओपनडब्ल्यूआरटीला आज किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम लागते. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या डब्यांची साथ १९.०७ या आवृत्तीनंतर सुटली. असा राउटर असेल तर त्याच्यावर आणखी वेळ घालवू नका. तो आता सुरक्षितही नाही.

दुसरी अडचण चिपची. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच वाय-फाय चिपसाठी पूर्ण ताकदीचे खुले ड्रायव्हर उपलब्ध नाहीत. अशा राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालतं, पण वाय-फाय लंगडतं, आणि वर सांगितलेलं सगळं करूनही ते सुधारत नाही. तुमचं मॉडेल ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत शोधा, चिप कुठली ते तिथे कळतं. ब्रॉडकॉम निघाली तर कंपनीचं मूळ फर्मवेअर परत टाका किंवा डीडी-डब्ल्यूआरटी बघा, त्यांच्याकडे ब्रॉडकॉमचे ड्रायव्हर वापरायचा परवाना आहे. नवा राउटर घ्यायचाच झाला तर मीडियाटेक किंवा क्वालकॉमची चिप बघून घ्या, म्हणजे पुढे पर्याय खुला राहतो.

परत जाताना मॉडेलबरोबर त्याची हार्डवेअर आवृत्तीही जुळवा. खालच्या स्टिकरवर व्ही १, व्ही २ असं लिहिलेलं असतं. नाव तेच आणि आवृत्ती वेगळी असेल तर आतली चिप वेगळी असू शकते, आणि चुकीची फाइल टाकली की राउटर उघडतच नाही. टाकत असताना लाइट जाता कामा नये, म्हणून राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा आणि काम केबल लावूनच करा.

फर्मवेअर शाबूत आहे, पण एखादी सेटिंग चुकून तुम्ही लुसीच्या बाहेर पडलात, तर घाबरू नका. राउटर चालू असताना रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा, ओपनडब्ल्यूआरटी पहिल्या दिवसासारखं होतं. तेही जमलं नाही तर चालू होताना दिवा भराभर लुकलुकायला लागतो तेव्हा बटण दाबा, राउटर फेलसेफमध्ये उघडतो. तिथे वाय-फाय नसतं, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता देऊन केबलने आत जायचं. मग सुरुवातीला उतरवून ठेवलेली बॅकअपची फाइल चढवा, पासवर्डसकट सगळं जागेवर येईल. ती फाइल राउटरच्या भरवशावर न ठेवता मोबाइलमध्ये आणि भाच्याच्या व्हॉट्सॲपवरही ठेवा. फक्त त्यात तुमचा वाय-फायचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, तेव्हा गावाच्या ग्रुपवर टाकू नका.